सस्पेन्शनचं काम झालं आणि दिवे पेटले

गाडीच्या पुढच्या बाजूचं सगळंच काम एकदम निघालं होतं. खड्ड्यातून जाताना खालून ठोके यायचे, स्टिअरिंगला खेळ आला होता आणि डाव्या चाकातून वेगाबरोबर वाढत जाणारी घुंघुं ऐकू यायची. म्हणून दोन्ही लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर, टाय रॉड एंड, डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) असं सगळं बदलून घेतलं. गाडी हातात आली तेव्हा ठोकेही गेले होते आणि घुंघुंही. डॅशबोर्डवर मात्र तीन पिवळे दिवे ठाण मांडून बसले होते: एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), नागमोडी रेघांवरच्या गाडीचा म्हणजे ईएसपीचा (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), आणि स्टिअरिंगशेजारी उद्गारचिन्ह असलेला ईपीएसचा (विजेच्या मोटरने स्टिअरिंग हलकं करणारी यंत्रणा).

"बॅटरी काढली होती ना, थोडी चालवा, जातील आपोआप," असं गॅरेजमधून सांगितलं गेलं. त्यात अजिबात तथ्य नाही असं नाही. बॅटरी सुटली की काही कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, आपली शिकलेली मापं विसरतात आणि गाडी थोडी फिरली की पुन्हा शिकतात. पण तिन्ही दिव्यांचं कारण एकच असेल हे मला पटेना. कामात हात किती ठिकाणी लागला होता ते पाहा: चाकाजवळच्या वायरी, स्टिअरिंगचा दांडा, बॅटरी, चाकांचे कोन. यातल्या प्रत्येकाने वेगळा दिवा लागू शकतो.

आधी गाडी चालवावी की नाही याचा निर्णय घ्यायचा होता. पिवळा दिवा म्हणजे ती यंत्रणा बंद आहे, लवकर बघा. लाल म्हणजे थांबा. नुसता एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतोच, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पण एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते आणि मागची चाकं आधी घसरायची भीती असते. तशी गाडी मी रस्त्यावर काढली नसती. लाल दिवा नव्हता, स्टिअरिंग थोडं जड होतं पण वळत होतं, म्हणून मोकळ्या रस्त्याने हळू चालवत आणली.

डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा स्वस्त रीडर बऱ्याच जणांकडे असतो. तो इथे उपयोगाचा नाही. त्यातले बहुतेक फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचतात. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचे कोड 'सी'ने सुरू होतात, एअरबॅग वगैरेंचे 'बी'ने, आणि कंट्रोलरांचं आपसातलं बोलणं तुटलं तर 'यू'ने. हे सगळे कंट्रोलर उघडून दाखवणारा स्कॅनर लागतो. माझ्याकडे तसा होता, कारण गाडीच्या वायरिंगमध्ये बोटं घालायची मला जुनी खोड आहे.

स्कॅन केल्यावर कोडांची रांगच लागली. डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा सी००३५, उजव्या पुढच्या चाकाचा सी००४०, स्टिअरिंग अँगल सेन्सर, म्हणजे स्टिअरिंगचा कोन मोजणारा, कॅलिब्रेट नसल्याचा (सरळ म्हणजे कुठे हे त्याला शिकवलेलं नसल्याचा) एक, ईपीएसमध्ये व्होल्टेज कमी पडल्याचा एक, आणि दोन-तीन 'यू' कोड. अशा वेळी घाबरून जायचं कारण नसतं. काम करताना कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सुटलेले असतात आणि कुणीतरी मध्येच इग्निशन चालू करतं. गाडी इमानेइतबारे प्रत्येक सुटलेल्या कपलरची नोंद करून ठेवते. म्हणून आधी सगळे कोड लिहून घेतले. त्या-त्या वेळचा वेग आणि व्होल्टेजही उतरवून घेतलं, कारण कोड पुसले की ती माहितीही पुसली जाते. मग सगळं साफ केलं आणि कोण परत येतं ते पाहायला गाडी बाहेर काढली.

उजव्या चाकाचा कोड परत आला नाही, 'यू' कोडही आले नाहीत. स्टिअरिंग अँगलचा इग्निशन फिरवताच हजर झाला, ईपीएसचाही दिवा तसाच होता. आणि डाव्या चाकाचा आला, पण ताबडतोब नाही. सरळ रस्त्यावर बराच वेळ एबीएसचा दिवा बंद होता. एका अरुंद वळणावर गाडी फिरवताना तो पेटला.

माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची माहिती होती. कोणता दिवा लागला यापेक्षा तो कधी लागला हे जास्त सांगून जातं. इग्निशन फिरवताच लागला, तर वायर तुटलीय, शॉर्ट झालीय किंवा कंट्रोलरला एखादं माप शिकवायचं राहिलंय. गाडी सुरू झाल्यावर पहिल्या काही मीटरांतच लागला, तर वायरिंग ठीक असूनही चाकाचा सिग्नल येत नाही. वळणावर, खड्ड्यात, ब्रेक दाबताना लागला, तर काहीतरी हलतंय किंवा ताणतंय. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना या तिसऱ्या प्रकारचा पत्ताच लागत नाही.

ईपीएसचं कोडं आधी सुटलं. पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिअरिंगची दोन्ही टोकं कुठे आहेत हे ईपीएस विसरतं. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं की दिवा जातो. गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो तर तिथल्या मेकॅनिकनेही हेच केलं. डावीकडे पूर्ण वळवताना कॉलमच्या आतून बारीकशी कर्रर्र ऐकू आली, पण ईपीएसचा दिवा विझला आणि सगळे खूश झाले. एवढ्यात एअरबॅगचा लाल दिवा पेटला.

मेकॅनिकने सवयीने हॉर्न दाबला. वाजला नाही. स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही मेली होती. एकाच वेळी एअरबॅग, हॉर्न आणि बटणं गेली, तर तीन भाग बिघडले असं समजायचं नाही, तिघांत समाईक काय आहे ते शोधायचं. समाईक होती क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगमागे प्लास्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली रिबनसारखी पातळ केबल असते. स्टिअरिंग कितीही वळलं तरी त्यावरच्या एअरबॅगचा, हॉर्नचा आणि बटणांचा संबंध तुटू नये म्हणून ती वळणाबरोबर आवळत-सैलावत राहते. तिला दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे जाता येतं.

"साहेब, स्टिअरिंगच्या आत आम्ही हातच लावलेला नाही," मेकॅनिक म्हणाला. ते खरंच होतं. पण रॅक काढताना स्टिअरिंगचा दांडा खालून सोडावा लागतो. तो सुटला की वर स्टिअरिंग मोकळं होतं, त्याला अडवणारं काही राहत नाही. कुणी आत बसलं, कुणाचा धक्का लागला, तर ते एक-दोन फेरे फिरतं. तसंच जोडलं तर चाकं सरळ आणि क्लॉक स्प्रिंग मात्र एका बाजूला सरकलेली. साध्या चालवण्यात हे कळतही नाही. पूर्ण टोकापर्यंत वळवलं की केबल संपते आणि तुटते. म्हणजे ईपीएसचा दिवा घालवायचा उपाय बरोबर होता, पण त्याच उपायाने आधीपासून सरकलेली क्लॉक स्प्रिंग तोडली. दांडा सोडण्याआधी स्टिअरिंग लॉक करून ठेवलं असतं, किंवा सीटबेल्ट त्याच्यातून ओवून लावला असता, तर हे झालंच नसतं. याला एक मिनिट लागत नाही, आणि तरी फार थोडे लोक हे करतात.

एअरबॅगच्या कामाला मी स्वतः हात लावला नाही. त्या सर्किटवर मल्टिमीटर लावून ओहम मोजणं हा खेळ नाही. मीटरमधून जाणारा बारीकसा करंटही बॅग फोडू शकतो, म्हणून तसं कधीच करू नये. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून, मगच बॅग काढायची आणि तिचा गुळगुळीत चेहरा वर राहील अशी ठेवायची. ते काम माहितगार माणसाने केलं, मी बाजूला उभा राहून पाहिलं. डबी उघडल्यावर केबल एका टोकाला स्वतःवरच उलटी दुमडून फाटलेली दिसली. नवी क्लॉक स्प्रिंग मधोमध लॉक करून येते आणि चाकं सरळ ठेवून ती बसवेपर्यंत तो लॉक काढायचा नसतो. जुनीच परत बसवायची असेल तर अलगद एका टोकापर्यंत फिरवून, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून, निम्मे फेरे मागे यायचं.

आता राहिला एबीएस. मी हे सगळं करत होतो तोवर गॅरेजने आपल्या परीने त्याचा निकाल लावला होता. कोड म्हणतो डावा पुढचा स्पीड सेन्सर, मग सेन्सर बदला. बदलला. पहिल्याच वळणावर दिवा परत.

मला या पद्धतीचा राग येतो, पण त्यामागचं कारणही कळतं. कोडच्या पुढे भागाचं नाव छापलेलं असतं, आणि भाग बदलणं शोधण्यापेक्षा सोपं असतं. कोड मात्र फक्त एवढंच सांगतो की त्या सर्किटमधून अपेक्षित सिग्नल आला नाही. सर्किटमध्ये सेन्सर आहे, तो ज्याच्याकडे पाहतो ती चुंबकी रिंग आहे, मधली वायर आहे, दोन कपलर आहेत आणि शेवटी एबीएसचा कंट्रोलर आहे.

बेअरिंग नवं असल्यामुळे पहिला संशय चुंबकी रिंगवर गेला. आजच्या बऱ्याच बेअरिंगांत एका बाजूच्या सीलमध्येच ही रिंग असते. ती बाजू सेन्सरकडे हवी. बेअरिंग उलटं दाबून बसवलं की चाक छान फिरतं, आवाज येत नाही, आणि एबीएसला काहीही दिसत नाही. काही मेकॅनिक दोन्ही बाजूंवर चुंबकी कार्ड धरून कोणती कुठली ते तपासतात. चुंबकी बाजूवर कार्डात पट्टे उमटतात. आमच्याकडे बेअरिंग आधीच बसलेलं होतं. पण ते उलटं असतं तर सिग्नल कधीच आला नसता. सरळ रस्त्यावर तो व्यवस्थित येत होता, म्हणून बेअरिंग पुन्हा उतरवायची गरज पडली नाही.

एका मोकळ्या मैदानात मित्राला गाडी चालवायला बसवलं आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग आलेखात लावला. सरळ जाताना ताशी २० किलोमीटरला चारही रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. डावीकडे गोल फिरवल्यावर डाव्या चाकांच्या रेघा उजव्यांपेक्षा खाली गेल्या. हा बिघाड नाही, आतल्या बाजूच्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं. पहिल्यांदा पाहणारा इथे हमखास फसतो. मग स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून फिरवलं. बाकीच्या तीन रेघा शांत होत्या, डाव्या पुढच्या चाकाची रेघ एकदम शून्यावर आपटली, पुन्हा वर आली, पुन्हा आपटली. स्टिअरिंग सरळ करताच ती जागेवर आली.

चाक काढून वायरचा मार्ग पाहिला. या गाडीत सेन्सर वेगळा आणि त्याच्यापासून बॉडीपर्यंत जाणारी वायर वेगळी होती. पुष्कळ गाड्यांत दोन्ही एकच असतात, तेव्हा सेन्सर बदलला की वायरही आपसूक बदलते आणि खरं कारण कधीच कळत नाही. वायरवर रबरी ग्रोमेट होतं, ते शॉकॲब्सॉर्बरवरच्या ब्रॅकेटच्या खाचेत बसायला हवं. नव्या शॉकॲब्सॉर्बरवर खाच रिकामी होती आणि वायर तिच्या बरीच खाली प्लास्टिकच्या टायने आवळली होती. चाक सरळ असताना सगळं ठीक दिसायचं. उजवीकडे पूर्ण वळवलं की टायच्या खालचा तुकडा ताठ व्हायचा.

टायच्या कडेलाच वायरचं आवरण फिकट पडलं होतं, पण फाटलेलं नव्हतं. बोटांनी वाकवली की बाकीची वायर लवचीकपणे परत जागेवर यायची. त्या एका जागी मात्र भिजल्या सुतळीसारखी लुळी पडायची. आतलं तांबं तुटलेलं. दोन्ही टोकांचे कपलर काढून मल्टिमीटरने कंटिन्युइटी (तार अखंड असली तर बीप वाजते ती चाचणी) लावली तर बीप अखंड वाजली. नुसत्या मापावर गेलो असतो तर वायर पास झाली असती. मीटर लावलेला असतानाच तो लुळा भाग थोडा ताणला आणि बीप तुटली.

मीटरबद्दल एक सांगायला हवं. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते, तिचा रोध साधारण हजार ओहमच्या आसपास मिळतो आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज दिसतं. नवे सेन्सर ॲक्टिव्ह असतात. दोनच तारा, पण आत इलेक्ट्रॉनिक्स. एबीएसचा कंट्रोलर त्यांना वीज पुरवतो आणि ते साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये सिग्नल देतात. त्यांच्यावर ओहम मोजून काही कळत नाही, सेन्सर खराब व्हायचीच शक्यता जास्त. दोन तारा दिसल्या म्हणजे जुना प्रकार, असं समजायचं नाही.

तुटलेल्या ठिकाणी सोल्डर मारून देतो असं गॅरेजचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. सतत हलणाऱ्या भागात सोल्डरची गाठ कडक राहते आणि तिच्या कडेलाच तांबं पुन्हा तुटतं. पूर्ण वायर बदलली, ग्रोमेट खाचेत बसवलं, आणि चाक दोन्ही टोकांना वळवून व सस्पेन्शन दाबून वायर कुठे ताणत नाही हे पाहिलं. खाली होतोच तर हेडलाइटची उंची जुळवणाऱ्या सेन्सरची छोटी काडीही तपासली. ती मागच्या आर्मला होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. काही गाड्यांत ती पुढेही असते आणि आर्म बदलताना वाकते.

ईएसपीचा दिवा मुद्दाम शेवटी ठेवला होता. आमच्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर क्लॉक स्प्रिंगला जोडूनच येतो, तेव्हा आधी कॅलिब्रेट करून उपयोग नव्हता. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे तिरकं राहत होतं. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, कागदावर सगळे आकडे हिरवे, स्टिअरिंग मात्र वाकडं. दोन्ही चाकांचा एकूण टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत त्याचं माप) बरोबर होता, पण तो दोन टाय रॉडवर (रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर) सारखा वाटलेला नव्हता. स्कॅनर सरळ जाताना ७ अंश दाखवत होता. ईएसपी स्टिअरिंगच्या कोनावरून चालकाला कुठे जायचंय हे ठरवतं, आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे दुसऱ्या सेन्सरवरून पाहतं. स्टिअरिंग म्हणतंय डावीकडे आणि गाडी जातेय सरळ, तर त्याचा विश्वास उडणारच.

इथे दोन आडवाटा असतात आणि दोन्ही मला सुचवल्या गेल्या. एक, स्टिअरिंग काढून एक दात सरकवून बसवणं. दुसरी, वाकडं असतानाच स्कॅनरने शून्य शिकवणं. दिवा दोन्हींनी गेला असता. पहिल्या वाटेने रॅक मधोमध न राहता एका बाजूला गाडी कमी वळते. दुसरीने स्टिअरिंग कायमचं तिरकं. मी स्टिअरिंग सरळ लॉक करून, दोन्ही टाय रॉड सारखे जुळवून अलाइनमेंट पुन्हा करून मागितली. मग सपाट जागेवर, चाकं सरळ ठेवून, स्कॅनरने शून्य बिंदू शिकवला. ईएसपीचा दिवा विझला. काही गाड्या हे सरळ रस्त्यावर चालून आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लागतोच. ते त्या गाडीच्या पुस्तकातूनच कळतं.

त्यानंतर टोकापर्यंत वळणं, खड्डे, मोकळ्या जागी एक जोरदार ब्रेक, असं सगळं करून पाहिलं. एकही दिवा नाही. पुढे काही दिवसांनी सहज पुन्हा स्कॅन केलं तर ईपीएसमध्ये कमी व्होल्टेजचा तो जुना कोड पुन्हा नोंदलेला होता, दिवा न लागता. ईपीएसची मोटर उभ्या गाडीत टोकापर्यंत वळवताना दहा-वीस नव्हे, त्याहून कितीतरी जास्त अँपिअर ओढते, त्यामुळे बॅटरी किंवा अर्थिंग ढिलं असेल तर तक्रार आधी तिथेच उमटते. अर्थिंगच्या तारा घट्ट होत्या. स्टार्टर मारताना बॅटरी ९ व्होल्टच्याही खाली जात होती. सस्पेन्शनच्या कामाशी तिचा काही संबंध नव्हता. ती जुनीच झाली होती, बदलून टाकली.